पाण्यात पुढं माणूस

आमच्या घरात नवऱ्याला नावानं हाक मारणारी पहिली सून मीच. "शंभुलिंग, चहा झालाय," असं मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी पिठाचे हात तसेच वर नेऊन मनगटांनी कान झाकले होते. त्यांनी स्वतः सासऱ्यांचं नाव लग्नापासून कधी तोंडातून काढलं नव्हतं. सासऱ्यांचं नाव नागप्पा. त्यामुळे शेतात नाग निघाला तरी सासूबाईंच्या तोंडी 'लांबडं निघालं', आणि भाचा नोकरीला नागपूरला गेला तर तो 'संत्र्याच्या गावाला' गेला. रेशनच्या दुकानात कुणी नाव विचारलं की त्या मला कोपरानं ढोसायच्या. नाव मी सांगायचं.

"घेतलं नाव तर काय होतं हो?" मी एकदा विचारलं.

"आयुष्य कमी हुतं."

"तुमचं?"

"माझं कशाला हुईल? ह्यांचं."

मी हसले. माझं माहेर नळदुर्गचं, बापाचा हायवेला धाबा. ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकत वाढलेल्या पोरीला असल्या गोष्टींची भीती कुठून असणार? गाडीही मी तिथंच शिकले आणि शंभुलिंगपेक्षा बरी चालवते. हे तोही कबूल करतो, फक्त लोकांसमोर नाही.

मुरुमपासून थोडं आत, शेतातच आमचं घर. रस्ता सगळा काळ्या मातीचा. पावसाळ्यात चाकाला इतकी माती चिकटते की चाक गोल आहे हे विसरायला होतं. म्हणून शंभुलिंगनं गेल्या वर्षी चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. गिअरच्या मागं एक गोल खटका आहे. तो फिरवला की समोर पडद्यावर अक्षरं उमटतात : नेहमीचा रस्ता, बर्फ, चिखल, वाळू. सासऱ्यांनी चष्मा पुसून ते चित्र पाहिलं.

"बर्फ?" ते म्हणाले. "मुरुमला? शंभू, गारीगार विकायला घेतली का रं गाडी?"

तेव्हापासून गाडीचं नाव गारीगार पडलं. सासऱ्यांना तिचा रागच होता म्हणा ना. कारण त्यांचा एक मान होता, तो काळानं काढून घेतला होता. आमच्या वाटेवरच्या ओढ्याला पूर आला की बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो की एसटी, पाण्यात पुढं नागप्पा चालायचे. धोतर खोचून, हातात काठी, डावा खांदा पडलेला, कारण तरुणपणी त्यांनी फार पोती वाहिली. तळाला काठी टेकवत जायचे आणि पाठीमागं न बघता हात वर करून 'या' म्हणायचे. पुढं माणूस असल्याबिगर पाण्यात चाक घालायचं न्हाय, हा आमच्याकडचा नियम. आणि पुढच्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा दुसरा. लक्ष हलतं, पाय सरकतो. पुढं ओढ्यावर नवी फरशी, म्हणजे सिमेंटचा बुटका पूल झाला, कडेला पांढरे खुंट लागले, आणि हात वर करणाऱ्या माणसाची गरज संपली. ओढ्याच्या अलीकडं जुनी वाट डावीकडं फुटते, ती तशीच डोहापाशी जाऊन संपते. तिकडं आता म्हशीसुद्धा कुणी नेत नाही.

सप्टेंबरातली ती दुपार होती. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सोयाबीन शेतात उभं कुजत होतं, आणि शंभुलिंग बियाण्याच्या कामाला लातूरला अडकला होता. जेवताना सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. "छातीवर कुणी बसलंय बघ," म्हणाले, अगदी चौकशी केल्यासारखं. मग कपाळावर घाम फुटला आणि ओठ निळे पडायला लागले.

ॲम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, ओढ्याच्या पलीकडं डांबरी रस्त्यावर थांबतो, पाण्यात गाडी घालणार नाही. उमरग्याचा दवाखाना त्याच्यापुढं. म्हणजे मला फक्त ओढा पार करून द्यायचा होता. तेवढंच.

आम्ही दोघींनी त्यांना घोंगडीसकट उचललं. पाय जमिनीला लागू दिले नाहीत. मागच्या सीटवर सासूबाई बसल्या, त्यांच्या मांडीवर सासऱ्यांचं डोकं. एक हात त्यांच्या छातीवर, दुसऱ्या मुठीत गळ्यातलं इष्टलिंग. मी खटका चिखलावर फिरवला आणि निघाले.

चिखलाचं काम असं असतं : चाक घसरलं तरी गाडी जोर कमी करत नाही, फिरू देते, माती उडवू देते, आणि कुठंतरी घट्ट लागलं की ओढून बाहेर काढते. काळ्या रानातून ती रेड्यासारखी ढुशा मारत निघाली. वायपर पूर्ण वेगात असूनही काचेतून नुसतं पांढरं दिसत होतं. ना बांध, ना बाभळी. ओढ्याचा आवाज आधी आला. मग पाणी दिसलं, गढूळ, रुंद. खुंट कुठं आहेत ते दिसेना.

आणि तेवढ्यात पुढं माणूस दिसला.

पाठमोरा, पाण्यात उभा, धोतर खोचलेलं, हातात काठी. त्यानं मागं न बघता हात वर केला.

मला रडूच आलं. "आत्या, देव पावला," मी म्हणाले. "कुणीतरी पुढं निघालंय बघा." मी गाडी हळूच पाण्यात घातली. पाण्यात थांबायचं नाही आणि घाईही करायची नाही, एका चालीनं जायचं, हे मला धाब्यावरच्या ट्रकवाल्यांनी शिकवलेलं. तो माणूसही तसाच चालत होता, एका चालीनं. काठी टेकवायची, पाऊल टाकायचं. मी खुंट शोधायचे सोडून दिले आणि त्याच्या पाठीवर नजर ठेवली. इतका विश्वास मी त्या खटक्यावरसुद्धा टाकला नव्हता.

"गायत्री," सासूबाईंचा आवाज अगदी बारीक होता. "पाणी कुठवर लागलंय त्याला?"

"गुडघ्याला. जातंय आत्या, घाबरू नका."

थोडं पुढं गेलो. गाडीचं नाक खाली गेलं. बॉनेटवर लाट चढली, हेडलाइट पाण्याखालून पिवळे दिसायला लागले.

"आता?"

मी बघितलं. "गुडघ्याला," म्हणाले, आणि पुन्हा बघितलं. आमच्या गाडीचं बॉनेट छातीएवढं उंच, तेही बुडायला आलं होतं. आणि तिच्यापुढं चालणाऱ्या माणसाला पाणी अजून गुडघ्याएवढंच.

हल्ली आमच्याकडं धोतर नेसतं कोण? त्याचा डावा खांदा पडलेला होता. मी आरशात पाहिलं. सासरे मागंच होते, घोंगडीत, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"म्या मगाशीच वळखलं," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांचा श्वास लागंना गं हाताला."

मी काय करायला हवं होतं ते आता सांगता येतं. तेव्हा मी काहीच केलं नाही. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, नजर त्या पाठीवर, आणि गाडी आपली त्याच्यामागं चाललेली. मला थांबावंसंच वाटत नव्हतं, हे मी आजवर शंभुलिंगलाही सांगितलेलं नाही. पावसाचा आवाज लांब गेला होता. पुढं सगळं शांत, सोपं वाटत होतं. त्यानं पुन्हा हात वर केला. या.

मागची काच खाली गेली. पाऊस एकदम आत घुसला, कानात आवाज परत आला. सासूबाई कमरेपर्यंत खिडकीबाहेर झाल्या होत्या.

"नागप्पा!"

मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही. गळ्यात इतकी वर्षं दाबून ठेवलेला शब्द होता तो, बाहेर येताना घसा सोलवटून आला.

"ए नागप्पा! फिर माघारी! ब्याड तिकडं, नगं! नागप्पा!"

तो माणूस थांबला. काठी अर्धी वर उचललेली तशीच राहिली. मग तो वळला. होय, तोंड सासऱ्यांचंच होतं. कामात असताना कुणी हटकलं की कपाळाला जशी आठी पडायची, तशी आठी होती. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून मागं, खिडकीकडं बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला.

मी ब्रेक दाबला होता. कधी, ते माहीत नाही.

नंतर तिथं नुसतं पाणी होतं, आणि ते गोल फिरत होतं. डोह! मी फरशीकडं आलेच नव्हते. वळणावर डावीकडची जुनी वाट धरली होती, आणि गाडीचं नाक आता तिच्या अगदी टोकाला होतं. मागच्या सीटवर सासऱ्यांनी खडखडून श्वास घेतला, मग दुसरा, मग खोकल्याची उबळ.

"हायत!" सासूबाई ओरडल्या. "मागं घे, गायत्री, मागं घे!"

मी रिव्हर्स टाकला. चिखलाच्या मोडमध्ये गाडीनं नेहमीसारखा जोर लावला, चाकं गरागरा फिरली, आणि मागं जायच्या ऐवजी गाडी आडवी सरकली, डोहाच्या बाजूला. आणखी एकदा जोर दिला असता तर संपलं होतं. तळाशी माती नव्हतीच, ओल्या साबणाची वडी होती नुसती. जिथं जोरानं घात होतो तिथं नाजूक हात पाहिजे. मी खटका फिरवला. पडद्यावर अक्षरं आली : बर्फ.

पायाखालचा जोर एकदम मऊ झाला. गाडी जणू दचकत, चाचपत, इंच इंच मागं निघाली. चाक एकदाही गरगरलं नाही. मी आरशात बघत होते, पुढं बघायची हिंमत नव्हती. वळणावर आले तेव्हा सर थोडी पातळ झाली, आणि उजवीकडं फरशीचे खुंट दिसले, प्रत्येकाचं पांढरं डोकं पाण्यावर. फरशीवर पाणी चाकाच्या निम्म्यालाही नव्हतं. मी पुढं कुणी नसताना पाण्यात चाक घातलं, आणि पलीकडं गेले.

ॲम्ब्युलन्स होती. दवाखाना मिळाला. रात्र व्हायच्या आत डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

तिथली नर्स मात्र माझ्यावर चिडली होती. हाताशी बादली घेऊन ती सासऱ्यांचे पाय पुसत होती. "हार्टच्या पेशंटला चालवत आणतात का, ताई?" ती म्हणाली. मी बघितलं. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत काळ्या मातीनं माखलेले होते. गुडघ्याच्या वर एक शिंतोडाही नव्हता. बादलीतलं पाणी तिनं तीनदा बदललं.

सासूबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. आत यायला तयार नव्हत्या. "म्या नाव घेतलं," एवढंच म्हणायच्या. "आयुष्य कमी केलं ह्यांचं. तोंड कसं दाखवू?" मी समजूत घातली, चिडले, पाया पडले. शेवटी दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनीच निरोप पाठवला तेव्हा आल्या, आणि पदर तोंडाला लावून खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

सासऱ्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

"वाट चांगली हुती," ते म्हणाले. "खाली घट्ट लागत हुतं. तुमा सगळ्यास्नी घिऊनच निघालो हुतो."

"मग वळला कशाला?" सासूबाईंनी पदराआडून विचारलं.

"आवाज वळखीचा, अन् नाव माझं. पर दोनी एका जागी कधी ऐकलं नव्हतं. म्हनलं, बघावं तर कोण बाई हाय." त्यांनी थोडा दम घेतला. "परत एकदा घे की."

सासूबाईंनी चादर ओढून त्यांचे पाय नीट झाकले, बोटंसुद्धा बाहेर राहू दिली नाहीत.

"परत निघालाव, तर घीन," त्या म्हणाल्या.