फाटलेला आवाज

प्रज्ञेशच्या गिटारच्या सामानाचा इतिहास वेबसाइटवर टाकायचं खूळ सौरभच्या डोक्यात शिरलं आणि प्रज्ञेशची झोप उडाली. सौरभ त्यांच्या बँडचा ड्रमर. पोटासाठी हिंजवडीत वेबसाइटी करायचा. त्याला प्रज्ञेशने घरीच गाऊन भरलेल्या पहिल्या कॅसेटपासूनची साद्यंत हकीकत हवी होती. हकीकत कसली, नुसती वणवण! आधी साधी गिटार आणि तिला चिकटवलेला माइक. मग कॉलेजातल्या पोराकडून घेतलेली सेकंडहँड इलेक्ट्रिक. नोकरी लागल्यावर दर इन्क्रिमेंटला आवाज बदलणारं एक पेडल, अमेरिकेहून आणलेला प्रोसेसर, आणि आता लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर. ते म्हणे जगातला कुठलाही अॅम्प्लिफायर हुबेहूब वाजवून दाखवतं.

कुठलाही, फक्त हवा तो सोडून. पहिल्या कॅसेटमधला तो फाटका, खरखरीत आवाज प्रज्ञेशला पुन्हा कधी गवसलाच नाही. कंपनीच्या बसमध्ये, मीटिंगमध्ये त्याची बोटं मांडीवर चालूच. नव्या अल्बमसाठी स्टुडिओ ठरला होता, आणि तो आवाज मिळाला नाही तर अल्बमच करायचा नाही, असा हट्ट धरून बसला होता गडी.

"पहिला अॅम्प कुठला? इम्पोर्टेड लिहू?" सौरभने विचारलं.

"लिही की. लोकांना काय, काहीही पटतं. अण्णांचा होता, जयंतीचा."

अण्णा म्हणजे त्याचे वडील, पोपटराव. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत चौदा एप्रिलला भीमगीतं व्हायची ती त्यांच्या अॅम्प्लिफायरवर. एरवी तो प्रज्ञेशच्या ताब्यात. गिटार आणि गाणं, दोन्ही त्यातूनच. बोलता बोलता प्रज्ञेश ताडकन उठला. इतकी वर्षं दुकानं पालथी घातली आणि घरचाच अॅम्प आठवला नाही! स्वतःच्या अकलेची त्याला भयंकर चीड आली. दोघं तडक धायरीला, अण्णांच्या फ्लॅटवर पोचले.

अण्णांनी हौसेनं माळ्यावरून अॅम्प काढला, पुसला. प्रज्ञेशने गिटार जोडली, तार छेडली. आवाज आला स्वच्छ, गोड, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. त्याने सगळी बटणं पिळून पाहिली. छे!

"अण्णा, काय केलंत याचं?"

"दुरुस्त करून घेतला. तू अमेरिकेत होतास तेव्हा. स्पीकर बदलला, आतलं सगळं नवं घातलं."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अरे, आवाज फाटत होता."

"तोच हवा होता मला! तोच शोधत फिरतोय मी वेड्यासारखा!"

अण्णांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "जयंतीत गाणारा काय म्हणतोय ते शेवटच्या रांगेतल्या बाईलाही कळलं पाहिजे. आणि तू तर वस्तीतल्या आपल्या खोलीत पडद्यापलीकडे तासन्तास गायचास. एक शब्द कळायचा नाही मला. म्हटलं, पोराला काय म्हणायचंय ते एकदा नीट ऐकावं."

प्रज्ञेशचा राग कुठल्या कुठे गेला. सौरभ उगाचच वायर गुंडाळत बसला. शेवटी प्रज्ञेशने माइक जोडला आणि कॅसेटमधलं पहिलं गाणं म्हटलं, एकट्या अण्णांसाठी. शब्द न् शब्द लख्ख.

"आता ऐकू आलं," अण्णा खुशीत म्हणाले. "पण इंग्रजी आहे होय रे? अर्थ सांग की."

प्रज्ञेश पुन्हा अॅम्पची बटणं पिळायला लागला. या घरात माझं कोणी ऐकतच नाही, एवढंच होतं त्या गाण्यात.