धवला संपतो तिथे

तारेच्या कुंपणाचं फाटक उघडलं आणि हौसाबाई पुढे झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने धावपट्टीसाठी त्यांचं आंबेटेंभे गाव पाडलं. माणसं कुणी मोहन्याला, कुणी कोलशेतला फेकली गेली. बाईंचा जन्म त्यानंतरचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांत आज पहिल्यांदा त्या आत पाऊल टाकत होत्या!

लष्कराच्या साहेबांनी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत दिलेली. गावदेवीचा दगड सापडला तर दरवर्षी पूजेला येऊ देणार, नाहीतर अर्ज कायमचा निकालात.

खूण एकच होती, लग्नात गायचं गाणं, धवला. विहिरीवर कलश भरायचा, उगवतीकडे तोंड करून गात निघायचं; धवला संपला की समोर देवी. आई गोदाने तो बाईंना शिकवला आणि बाईंनी पन्नास वर्षं तो दुसऱ्यांच्या गावांतल्या मांडवांत गायला. गाव नसलेली धवलारीण म्हणून लोक चेष्टाही करायचे.

विहीर तेवढी शाबूत होती. घोडबंदरच्या ऑफिसातून रजा काढून आलेल्या सर्वेशने, त्यांच्या नातवाने, मोबाइलवर आजीचा धवला लावला आणि बरोबर आलेली गाववाल्यांची पोरं झपाझप निघाली. धवला संपला तिथे खणलं. मुरूम! आजूबाजूला खणलं. तिथेही मुरूमच. साडेचार वाजले. पहाऱ्यावरचा जवान घड्याळ बघू लागला, तसा बाईंचा पारा चढला.

"अरं, अशा ढांगा टाकत कोन देवीला जातं रं? डोक्यावं भरला कलश असतो! आन इकडं!"

"आजी, झेपेल का तुला?"

"तुझे लग्नान नाचायचं हाय मना. आन!"

कलश डोक्यावर घेऊन बाई निघाल्या. पाणी हिंदकळू नये अशी लहान लहान पावलं, गळा मात्र खणखणीत. पोरं गेली होती त्याच्या निम्म्यातच धवला संपला. समोर घाणेरीचं रान. सर्वेशने कोयता चालवला, मग पहार घातली. ठण्ण!

दगडाला शेंदराचा जुना थर अजून चिकटून होता. एकच कल्ला उठला. "मिळाली गं आजी, मिळाली!" सर्वेश नाचायलाच लागला. जवानसुद्धा हसला. बाई रडतही होत्या, हसतही होत्या.

पाचला पाच मिनिटं होती. "चलिए माताजी," जवान म्हणाला.

"थांब रं बाबा. आय सांगायची, देवीपासून सात पावलांवं आमचा उंबरा."

त्यांनी सात पावलं मोजली. समोर नुसतं गवत होतं. बाईंनी चपला बाहेर काढून ठेवल्या, पदर सावरला आणि आत गेल्या.