तिसऱ्या मजल्यावर दुखणारी दाढ

"उपटून टाका ती दाढ एकदाची," खुर्चीत आडवा होत मी म्हणालो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढेवर टकटक करून पाहिलं. "मिस्त्री, दाढ तर ठणठणीत आहे. गार पाण्यानं दुखते?"

"छे!"

"चावताना?"

"नाही हो. जिना चढताना."

बाईंचा हात थांबला. आता लिफ्टमिस्त्रीच्या नशिबी जिनाच, लिफ्ट बंद पडल्याशिवाय मला बोलावतंय कोण! तीन महिने झाले, हत्यारांची पिशवी घेऊन दुसरा मजला ओलांडला की जबडा ठणकायचा, छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटं कठड्याला टेकलं की सगळं गायब. बायकोला मी फक्त दाढेचं सांगितलं होतं.

"दाढेला जिना कळत नाही, हृदयाला कळतो," बाई म्हणाल्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना त्यांनीच फोन लावला.

बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो. तिथे ईसीजी निघाला अगदी व्यवस्थित. मी शर्ट चढवला. "बघ, उगाच राईचा पर्वत! चल घरी."

बायको जागची हलली नाही. "अहो, रिकामी लिफ्ट धावली म्हणून तुम्ही पास करता का? वजन टाकून बघता ना?"

तीस वर्षं मीच तिला हे ऐकवत आलो होतो.

"अगदी बरोबर बोलल्या वहिनी," डॉक्टर हसले. "बसल्या जागी हृदयाला रक्त पुरतं, श्रम झाले की कमी पडतं. याला अंजायना म्हणतात. दुखणं जबड्यातही येतं."

मला चालत्या पट्ट्यावर चढवलं. चौथ्या मिनिटाला जबडा ठणकला आणि ईसीजीही बिघडला. पुढे अँजिओग्राफीत मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद सापडली. स्टेंट बसवला.

"आणखी महिनाभर दाढच धरून बसला असतात तर..." डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं. मी तसा जगावर खेकसणारा माणूस, पण त्या दिवशी बायकोचा हात धरून रडलो.

जिने चढायची परवानगी मिळाली त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. बाई दारातच होत्या. मला जिन्यावरून येताना पाहून दचकल्या.

"मिस्त्री! लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे. मुद्दाम जिन्यानं आलो, तुम्हाला दाखवायला."

त्यांनी माझ्या जबड्याकडे बघितलं. "मध्ये कुठे टेकलात?"

"कुठंच नाही, बाई."