दुसऱ्याच्या नावाचे रक्त

घरातला कर्ता पुरुष नोकरीतून निवृत्त झाला आणि धाकट्या मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली, त्या वर्षीची ही हकीकत.

एका सोमवारी सकाळी सात वाजता रक्त न्यायला माणूस आला. सुनेने बाही वर केली. त्याने दंडाला रबरी पट्टा आवळला, रक्त काढले आणि नळीच्या चिठ्ठीवर पेन टेकवले.

"नाव?"

सून तोंड उघडायच्या आत सासूने नाव सांगितले. ते तिचे स्वतःचे होते.

"वय?"

"एकसष्ट."

त्याने सुनेच्या हाताकडे पाहिले. "काकू, एकसष्टीत असा हात? काय लावता ते आमच्या घरीही सांगा."

"तुम्ही लिहा हो. चहा गार होतोय."

तो हसला, त्याने लिहिले आणि चहा पिऊन गेला. पुढची दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, असेच चालले.

सुनेला ल्युपस होता. शरीराचे पहारेकरी शत्रूला सोडून घरच्यांवरच उलटतात, तो हा आजार. गालांवर लाल चट्टे उठत, सांधे धरत, उन्हात गेले की ताप येई. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची. बोटे सुजली की बारीक स्क्रू हातातून निसटत. लग्नानंतर दोन वर्षांनी आजार ओळखला तेव्हा मोठ्या डॉक्टरने नवराबायकोला समोर बसवून सांगितले होते, "सांध्यांचं आपण बघू. मला भीती हृदयाची आहे. या आजारात रक्तातली चरबी बिघडते. चांगली उतरते, वाईट चढते, गोळ्यांनी आणखी भर पडते. रक्तवाहिन्या आतून सुजलेल्या असतात, तिथे ती लवकर चिकटते. बाई तिशीची असली तरी हृदय साठीचं समजायचं. दर सहा महिन्यांनी रक्त तपासा आणि कागद मलाच दाखवा. छातीत दुखलं तर पहिलं वाक्य हेच सांगा, की हिला ल्युपस आहे."

चार वर्षे त्याप्रमाणे झाले. मग स्थळे यायला लागली.

"त्या डॉक्टरच्या दारात आता जायचं नाही," सासू म्हणाली. "बाहेर बाकावर निम्मं गाव बसलेलं असतं."

"आई, आजार मला आहे. वन्सं आणि मी काय एका रक्ताच्या आहोत?"

"लोक रक्ताचं विचारत बसतात होय? आजारी घर म्हणतात आणि पुढच्या दारी जातात. एवढं हिचं पार पडू दे. मग मी स्वतः नेते तुला."

नवरा तेव्हा बूट पुसत होता. पुसलेला बूट त्याने पुन्हा पुसला.

कागद गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊ लागले. त्याच्यापुढे नावाची मालकीण स्वतः बसे, टवटवीत. तो म्हणे, "चरबी जरा जास्त आहे, पण या वयात एवढं चालायचंच. तेल कमी करा, सकाळी चाला." सासूने तेल कमी केले. रोज सकाळी बागेला चार फेऱ्या मारू लागली. तिचे गुडघे हलके झाले, कंबर उतरली. पुढच्या कागदावर चरबी आणखी चढली, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "काकू, चोरून खाता वाटतं!" दोघेही हसले. सून घरी जुन्याच चिठ्ठीवरच्या गोळ्या घेत होती.

सुनेची आई रफू करायची. लेकीच्या सासरचा जिना उतरून तीन दुकाने सोडली की तिची खिडकी. कोटाला पडलेले भोक ती असे विणून टाकी, की मालकालाच सापडत नसे. सगळे तिला रफूवाली म्हणत. तिला अक्षर येत नव्हते. लेकीने दुकानातला एक जुना नजर तपासायचा तक्ता आणून भिंतीवर लावला होता. वर मोठे अक्षर, खाली बारीक होत जाणारे. दुपारच्या सुट्टीत लेक यायची आणि आईला एकेक ओळ शिकवायची.

"हे काय?"

"घ."

"ध आहे तो. आई, तुला अक्षर येत नाही की दिसत नाही? दिसत नसेल तर आमच्या दुकानात ये, सूट देते."

"सासूला दे सूट. तिला सून दिसत नाही."

लेक हसली आणि हसताना छातीवर हात ठेवून थांबली. हल्ली जिना चढताना असे होते म्हणाली. जबड्यापर्यंत कळ जाते.

आईच्या हातातली सुई थांबली. "मोठ्या डॉक्टरकडे जा."

"वन्संचं ठरतंय. महिनाभराचा प्रश्न आहे."

आणि या बाईने, जन्मभर लोकांची भोके झाकणाऱ्या या बाईने, तेव्हा म्हटले, "बरं, एवढा महिना काढ." हे वाक्य तिने पुढे कुणालाही सांगितले नाही. पण ते तिला रोज ऐकू येई.

पाहुणे संध्याकाळी पाहायला येणार होते त्या गुरुवारी सकाळी सुनेला घाम फुटला. डावा हात जड झाला. नवरा आणि सासू तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे नवीन डॉक्टर होती, तरुण. तिने नाडी धरून विचारले, "जुना काही आजार? रक्तात काही सापडलं होतं?"

"नाही हो," सासू म्हणाली. "घरात पाहुणे यायचेत, दगदग झाली."

सुनेने तोंड उघडले. सासूने तिचा हात दाबला. डॉक्टरने नवऱ्याकडे वळून पुन्हा विचारले, "नक्की काही नाही?"

नवऱ्याने बुटांकडे पाहिले. "नाही."

"तरी हृदयाचा आलेख काढू. दहा मिनिटं लागतील, मशीन वरच्या मजल्यावर आहे."

"संध्याकाळचं उरकलं की आणते," सासू म्हणाली. डॉक्टरने नको नको म्हणत पित्ताची गोळी दिली. दवाखान्याच्या चौथ्या पायरीवर सून बसली ती उठलीच नाही.

पाहुण्यांना दोन महिने पुढची तारीख दिली गेली. वर्तमानपत्रात फोटो आला. खाली छापले होते, अल्पशा आजाराने निधन. रफूवालीने ते शेजारणीकडून वाचून घेतले. "अल्पशा म्हणजे काय गं?"

"थोड्याशा."

तिने मान हलवली आणि तक्त्यासमोर जाऊन बसली. वरच्या तीन ओळी लेकीने शिकवल्या होत्या. उरलेल्या पाच तिने शेजारणीला, गिऱ्हाइकांना, पोस्टमनला विचारून दोन महिन्यांत पुऱ्या केल्या.

एका दुपारी नणंद खिडकीशी आली. हातात बापाचा कोट होता.

"मावशी, रफू करायचाय."

कोटाला भोक नव्हते. अस्तराच्या आत कागदांची घडी होती.

"आईनं जाळायला सांगितलं होतं," नणंद म्हणाली. "मी त्यांच्या जागी जुनी बिलं जाळली. वहिनीच्या रक्ताचे कागद आहेत."

रफूवालीने पहिला कागद उजेडात धरला. बोट अक्षराखाली सरकवत नाव वाचले. मग पुन्हा वाचले. आपलेच चुकले असे वाटून तिने तक्त्याकडे पाहून एकेक अक्षर जुळवले. ते लेकीचे नाव नव्हते. दुसऱ्या कागदावर नव्हते. तिसऱ्या, चौथ्यावरही नव्हते.

"परवा पाहुणे येणार ना?"

"हो." नणंदेने कोटाची घडी घातली. "माझ्याकडे बघून थांबू नका, मावशी. वहिनी जिन्यात छाती धरून थांबायची आणि मी रोज तिच्या पुढे पळत जात होते."

दोन दिवसांनी संध्याकाळी रफूवाली थेट विहिणीच्या स्वयंपाकघरात गेली. बाहेरच्या खोलीत पाहुणे हसत होते. सासू कप पुसत होती.

"विहीणबाई, आज? आज नको हो."

"आजच. हे चार कागद. मला आता वाचता येतं. चरबी लिहिलीय, दर खेपेला चढलेली, आणि वर तुमचं नाव लिहिलंय. मी बाहेर जाऊन दाखवते, मुलीच्या आईला असा आजार आहे आणि घरानं लपवलाय. आईचं लेकीत उतरतं कधी कधी, असं ऐकते."

सासूने कप बशीवर आपटला. "खोटं आहे ते! ते रक्त माझं नाहीये!"

"मग कुणाचं?"

"तुम्हाला माहितीये कुणाचं."

"मला माहीत असून काय उपयोग? मला सांगू नका. बाहेर सांगा."

"माझ्या पोरीचं वाटोळं होईल."

"माझ्या पोरीचं काय झालं?"

सासूने कप खाली ठेवला. मग सासू पदराला हात पुसत बाहेर गेली. रफूवाली दारात उभी राहिली, कागद सर्वांना दिसतील असे धरून.

"एक सांगायचंय," सासू म्हणाली. "माझी सून आजारी होती. सहा वर्षं. शेवटची दोन वर्षं तिचं रक्त आम्ही माझ्या नावानं तपासलं. लोकांना कळू नये म्हणून."

खोलीतले हसणे थांबले. पाहायला आलेल्या मुलाची आत्या नर्स होती. तिने हात पुढे केला, कागद घेतले, आकडे पाहिले.

"हे पेपरात फोटो होता त्या तेहतीस वर्षांच्या बाईचं आहे? आणि औषध काय दिलं?"

आत्याने शेवटचा कागद उलटून पाहिला. मागे काहीच लिहिलेले नव्हते.

"ती गेली त्या दिवशी डॉक्टरनं विचारलं असेल ना, जुना आजार आहे का म्हणून?"

भिंतीला टेकून उभा असलेला सुनेचा नवरा पहिल्यांदाच बोलला.

"दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा मला."

आत्याने कागद परत दिले. पाहुणे उठले. चहा तसाच राहिला. नणंदेने ट्रे उचलला, मोरीत ओतला आणि कप विसळायला घेतले. ती रडली नाही. "जिथं हे झाकून जावं लागलं असतं, तिथं मला जायचंच नव्हतं," एवढेच ती आईला म्हणाली.

रफूवालीला बरे वाटले. खोटे कशाला लिहायचे? जिना उतरताना तिचे पाय हलके होते. तिसऱ्या पायरीवर मात्र तिला आपले स्वतःचे वाक्य ऐकू आले, एवढा महिना काढ, आणि ती कठडा धरून थांबली. त्या वाक्याचा सूड घ्यायला तिला कुणी सापडले नाही.

खिडकीशी बसून तिने चारही कागदांवरचे नाव खोडले. वर आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लेकीचे नाव लिहिले. घ आणि ध आता तिला वेगळे येत होते. ते कागद तिने तक्त्याच्या खाली, रस्त्यावरून दिसतील असे टाचले. भोक झाकायचे काम तिने अजून सोडलेले नाही, पण फक्त कोटांचे.

ज्यांच्या कपाटात दुसऱ्याच्या नावाचा असा कागद असेल, त्यांनी आज तो बाहेर काढावा.

रफूवालीची लेक गेली ती सासरघरातला कर्ता पुरुष निवृत्त झाला त्यानंतर दोन वर्षांनी, गुरुवारी, सकाळी साडेअकरा वाजता, दवाखान्याच्या चौथ्या पायरीवर. वय तेहतीस. हृदयविकाराचा झटका. आजार सहा वर्षांचा होता. अल्पसा नव्हता.