आईनं फिरवलेलं तोंड

राग कुणाचा जिभेवर असतो, कुणाचा नाकावर. चष्मेवाल्याच्या आईचा राग मानेत होता. निदान चष्मेवाल्याला तरी तसं वाटायचं. तो समोर येऊन बसला की ती मान जराशी डावीकडे वळवायची आणि खिडकीच्या चौकटीकडे बघत त्याच्याशी बोलायची. आवाज तोच, माया तीच, "जेवलास का रे?" हेही रोजच्यासारखंच. तोंड तेवढं फिरवलेलं.

आधी त्यानं मनावर घेतलं नाही. मग घेतलं, आणि इतकं घेतलं की गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवतानाही त्याला ती वळलेली मान दिसायला लागली.

कारण त्याला ठाऊक होतं. आईची थोरली बहीण दूरच्या शहरात राहायची. विमानानं सकाळचा चहा इथं आणि दुपारचं जेवण तिथं, एवढंच अंतर. पण आईच्या कानाचं मागं ऑपरेशन झालेलं, विमान वर्ज्य. जायचं तर रस्त्यानं. आईला तेच हवं होतं. "थांबत थांबत जाऊ रे. या गल्लीपलीकडे मी जन्मात पाहिलंय काय?" दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी हा म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." एकदा दुकानाचं रंगकाम निघालं, एकदा काच घासायचं यंत्र बिघडलं, आणि एका वर्षी काहीसुद्धा निघालं नाही, तरी जाणं झालं नाही ते नाहीच. पुढे आईनं विचारणं सोडलं. त्यानंतर मान वळायला लागली. आता यात न कळण्यासारखं काय होतं?

"आई रुसलीय," तो बायकोला म्हणाला. "या वेळी न्यायचंच."

बायको शाळेत शिकवायची. फळ्याकडे तोंड करूनही शेवटच्या बाकावर काय चाललंय हे तिला कळायचं. "न्या की," ती म्हणाली. "पण अहो, मला ते रुसणं वाटत नाही. परवा त्यांनी चहात मीठ घातलं. काल मी दारात गप्प उभी होते, तर मी म्हणजे तुम्हीच असं समजून त्या बोलत होत्या. डोळे बघा एकदा त्यांचे."

चष्मेवाला हसला. "अगं, मी स्वतः तपासलेत! शेवटची ओळ घडाघडा वाचली तिनं. तू शाळा सांभाळ, नजर मी सांभाळतो."

हे तो सगळ्यांनाच सांगायचा. कुणी म्हाताऱ्या माणसानं नंबर वाढल्याची कुरकुर केली की ठरलेलं, "माझ्या आईकडे बघा. या वयात शेवटची ओळ!" बोलताना त्याची छाती अशी फुगायची, जणू ते डोळे त्यानंच घडवून बसवले होते.

सुट्टीच्या दिवशी त्यानं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. प्रवास दोन शहरांमधला होता. पण खरी गंमत मधल्या थांब्यांत. गाडी थांबवून नुसते पाय मोकळे करायचे तर घरातही करता येतात. थांबा असा हवा की डोळ्यांचं पारणं फिटलं पाहिजे. पहिली दरी, तिच्या कडेला कठडा बांधलेला. मग एक जुना महाल, छतभर चित्रं. मग तळं, तिथं मुक्काम, कारण सूर्य मावळताना तळं म्हणे तांब्यासारखं होतं.

"आणि हे?" बायकोनं मधल्या एका गावावर बोट ठेवलं. "इथं घंटा ओततात. ओतून झाली की वाजवून बघतात, कुणालाही ऐकायला उभं राहू देतात."

"त्यात बघण्यासारखं काय आहे?" म्हणून त्यानं त्या गावावर काट मारली.

आई टेबलाशी बसली होती. "चहा कुठं प्यायचा?" एवढं तिनं विचारलं.

"चहा कुठंही मिळेल गं. ही दरी बघ." त्यानं छापून आणलेलं चित्र तिच्या हातात दिलं. तिनं ते धरलं, मान खिडकीकडे वळवली आणि म्हणाली, "अगंबाई! केवढी खोल."

चित्र उलटं होतं. सुनेनं ते हळूच तिच्या हातात सुलटं केलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा नकाशावर वाकलेला. चित्राकडे बघतसुद्धा नाही, एवढा राग, असं मनाशी म्हणत त्यानं यादीत आणखी एक थांबा घातला: फुलांचं पठार.

प्रवासासाठी आईला उन्हाचा चष्मा हवा म्हणून तो तिला दुकानात घेऊन गेला. दुकान त्याच्या वडिलांचं. त्यांच्या वेळचा, भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता नुकताच गळतीनं भिजून फुगला, तेव्हा त्यानं नवा लावला होता. जुन्या तक्त्याशी आईचं जुनं नातं. नवऱ्याचा डबा घेऊन ती यायची, तेव्हा लहानग्या चष्मेवाल्याला मांडीवर घेऊन तिनं त्याच तक्त्यावरून अक्षरं शिकवली होती. चाल लावून, वरून खाली.

त्या दिवशी गल्लीतला पाववाला डोळे तपासून घ्यायला आला होता. भट्टीपुढे न घाबरणारा माणूस, पण तक्त्यासमोर बसला की त्याला घाम फुटायचा. "नापास होतोय असं वाटतं हो," तो म्हणाला.

"यात भ्यायचं काय? थांबा, माझी आई दाखवते." चष्मेवाल्यानं आईला खुर्चीत बसवलं. मागं आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. "आई, वाच."

आईनं पदर सावरला आणि आख्यान लावावं तशा खड्या आवाजात सुरू झाली. "घ! ट, ल. प, न, र. ख, म, ड, स…" जराही अडखळली नाही. तिसऱ्या ओळीला तर चांगला ठेका धरला.

पाववाला तक्त्याकडे बघत होता. मग आईकडे. मग पुन्हा तक्त्याकडे.

"आजी," तो भीत भीत म्हणाला, "वर तर भ आहे. भोपळ्याएवढा."

मागचं एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. चष्मेवालाही हसला. "आई, पुरे झाली थट्टा. नीट वाच."

आई थांबली. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. "चष्मा घरी राहिला वाटतं," ती म्हणाली.

चष्मा तिच्या नाकावर होता.

मग कुणी हसलं नाही. पाववाल्यानं पिशवी उचलली. "मी उद्या येईन," असं जमिनीला सांगून तो निघाला आणि जाताना बाकीच्या दोघांनाही त्यानं कोपरानं ढकलत बाहेर नेलं. देव त्याचं भलं करो. काही माणसांना दुसऱ्याची अब्रू झाकायला शब्द लागत नाहीत.

चष्मेवाला आईसमोर बसला. "आई, माझ्याकडे बघ."

तिनं मान डावीकडे वळवली. "बघतेय की."

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात लख्ख झालं. मधली नजर गेली की माणूस कडेनं बघायला शिकतो. समोरचं दिसावं म्हणून तोंड फिरवतो. याच खुर्चीत बसवून त्यानं हे कितीकांच्या मुलासुनांना समजावलं होतं. 'तुमच्याकडे दुर्लक्ष करत नाहीत हो ते, बघायलाच मान वळवतात.' चार घरांत दिवा लावत फिरला. स्वतःच्या दिव्याखाली मात्र मिट्ट काळोख.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं. पडद्याचा मधला भाग झिजलेला होता. गेलं ते परत येणार नाही, कडेचं राहील. "हे आजचं नाही, फार दिवसांचं आहे," ते म्हणाले आणि मग अगदी सहज, "तुम्ही तर याच धंद्यातले." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य चष्मेवाल्याच्या अंगात काट्यासारखं रुतलं. तो फी द्यायला विसरून बाहेर आला, परत गेला आणि खाली बघत देऊन आला.

घरी आल्यावर त्यानं नकाशाची घडी घातली. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणेल म्हणून तो अंग चोरून बसला होता. ती म्हणाली नाही. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

त्यानं मावशीला फोन लावला. "मावशी, येणं रद्द करतोय. आईचे डोळे…"

"डोळे गेले का? मग तोंड चालतंय ना अजून तिचं?" मावशीचा आवाज खोलीभर झाला. "मला तिच्याशी बोलायचंय, तिच्याकडून सुईत दोरा ओवून घ्यायचा नाहीये. घेऊन ये!"

आई दारात उभी होती. "रद्द? कुणाला विचारून?"

फोन तसाच ठेवून तो म्हणाला, "आई, तू का नाही सांगितलंस?"

"कधी सांगायचं? तू खुर्चीत बसवलंस, मागं माणसं उभी, आणि वर म्हणतोस, 'आता बघा माझ्या आईची नजर!' मी काय म्हणायचं होतं, काही दिसत नाही? चष्मेवाल्याचीच आई आंधळी म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल? तक्ता तोंडपाठ होता, म्हटला."

"आणि नंतर?"

"नंतर तू गावभर इतकं सांगितलंस, की मलाच वाटायला लागलं, असेल बाई दिसत."

सून खुदकन हसली आणि लगेच पदरानं डोळे पुसू लागली.

"मला वाटलं तू रुसलीस," चष्मेवाला म्हणाला. "कितीदा विचारलंस तरी न्यायचं टाळलं म्हणून. मी आलो की तोंड फिरवायचीस."

"अरे वेड्या," आई म्हणाली, "तुला बघायला फिरवत होते! सरळ बघितलं की तू नसतोसच, नुसता धुराचा गोळा. मान वळवली की येतोस कडेला. कधी कान, कधी खांदा, कधी अर्धी मिशी. देवानं पुढचं दार लावलं तरी कडेची फट ठेवलीय."

त्याच्यानं तिथं थांबवेना. तो उठून मोरीपाशी गेला आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिला. इतके महिने ती त्याला शोधत होती; आणि प्रत्येक वेळी तो मनात अढी धरून लवकर उठून गेला होता. तिच्या समोरून, आणि त्या कडेच्या फटीतूनसुद्धा.

परत आला तेव्हा आई टेबलाशी बसली होती. नकाशा सुनेनं पुन्हा उलगडला होता.

"डोळे गेलेत, हौस नाही गेली," आई म्हणाली. "थांबे आहेत तसे राहू देत. तू बघ आणि मला सांग."

"मी?"

"मग कोण? चल, सांग बरं, खिडकीतून काय दिसतंय?"

त्यानं बघितलं. "रस्ता."

"कसाय?"

"कसा म्हणजे… रस्त्यासारखा."

"तुझं वर्णन म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी," आई म्हणाली. "समोर उघडं मैदान असताना नुसत्या शब्दांनी अख्खी नगरी उभी करणारे कीर्तनकार ऐकलेत मी. राजा येतो म्हटलं की आम्ही बायका मागं सरकून वाट द्यायचो. तुझ्यासमोर खरा रस्ता आहे आणि तुला तो उभा करता येईना?"

तो पुन्हा खिडकीशी गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नजरेला काचा लावल्या; आपण काय पाहिलं, ते त्याला आठवेना. पाववाल्याच्या दाराला कोणता रंग आहे हेसुद्धा त्याला बघून सांगावं लागलं. निळा. खाली उडालेला.

"हं," आई म्हणाली. "आता चाल पुढं."

त्यानं पुढं सांगितलं, अडखळत, लाजत. मग टेबलाशी येऊन घंटांच्या गावावरची काट पेनानं गोल करून लपवली आणि तिथं थांबा घातला. बायको काही बोलली नाही. या वेळी तिचं न बोलणं त्याला टोचलं नाही.

निघाल्यावर पहिला थांबा दरीचा आला. सकाळ होती. आईला हाताला धरून त्यानं कठड्यापाशी नेलं. बायको थर्मास घेऊन मागून आली.

"सांग," आई म्हणाली.

"खोल आहे," तो म्हणाला. मग घसा साफ केला. "तळाशी नदी आहे, पण पाणी थोडं. एका बाजूला ऊन आलंय, दुसरी बाजू अजून झोपलेली. मधे एक घर आहे. एकटंच. धूर निघतोय त्यातून."

"माणसं उठली म्हणायची. आणि?"

"आणि…" त्यानं दरीवरून नजर काढली. "आई, मी तुला आधी आणायला हवं होतं. दिसत होतं तेव्हा."

आई त्याच्याकडे वळली. तिनं मान डावीकडे वळवली. दरी तिच्या पाठीशी गेली.

"जरा सरक," ती म्हणाली. "अंहं, इकडे. उजेडात ये. हां. इथं ऊन चांगलं आहे, घरात एवढं नसतं. थांब आता, हलू नकोस."

तो थांबला. ती बघत होती. तिचं तोंड कुठल्याशा झाडाकडे होतं आणि नजर त्याच्यावर. किती वेळ बघत राहिली कोण जाणे. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, आणि जागचं तर हलायचं नव्हतं. त्याची मान आपोआप खाली गेली.

"वर बघ रे," आई म्हणाली. "नुसतं टक्कल दिसतंय."

त्यानं मान वर केली.