कोमादा सर शेवटच्या रांगेत

मुली आपल्याला पाठीमागे ‘कोमादा’ म्हणतात हे शेवाळे सरांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी तो शब्द शिवीतच धरला. खोडाळ्याच्या पलीकडच्या या आश्रमशाळेत मुख्याध्यापक म्हणून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण मुली आपसात घरची भाषा बोलू लागल्या की सर अजूनही पाहुणेच. शेवटी त्यांनी वसतिगृहाच्या अधीक्षिका पुष्पा मॅडमना गाठलं.

“शिवी नाही हो सर,” मॅडम म्हणाल्या. “शनिवारी टीव्हीवर मुलींना ते जपानी कार्टून लावते ना, व्हॉलीबॉलचं? त्यातले मुख्याध्यापक आहेत ते.”

“चांगले आहेत का?”

मॅडमनी पदर सारखा केला. “शिस्तीचे आहेत,” त्या म्हणाल्या.

शिस्तीचा हा कोमादा काय चीज आहे, ते सरांनी रविवारी दुपारी क्वार्टरमध्ये मोबाइलवर पाहिलं. बायको आणि मुलगी नाशकात, मुलीच्या कॉलेजपायी. बायकोचा रोज फोन यायचा. “जेवलात का?” “हो. तुम्ही?” “हो.” मग दोघंही थोडा वेळ विषय शोधायचे आणि रेंज गेली की दोघांनाही हायसं वाटायचं. त्यामुळे रविवारची अख्खी दुपार कोमादांना द्यायला सरांना काहीच अडचण नव्हती.

कोमादा सर ऑफिसच्या खिडकीत हात मागे बांधून उभे राहत, खाली सराव करणाऱ्या पोरींकडे बघत आणि हिंदीत एवढंच म्हणत, “यह क्लब बंद होगा.” की झालं त्यांचं काम. मोबाइल पालथा ठेवून शेवाळे सर उठले आणि आपण खिडकीत हात मागे बांधून उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. दहावीच्या निकालापायी खो-खोचा सराव बंद करावा लागेल, असं त्यांनी आदल्याच आठवड्यात परिपाठाला सांगितलं होतं. याच खिडकीतून नव्हे, एवढाच काय तो फरक.

पुढच्या रविवारी ते पुन्हा बसले, त्याच्या पुढच्याही. खेळ त्यांना कळत नव्हता, पोरींची नावं एकसारखी वाटत होती; ते फक्त कोमादांची वाट बघायचे. एका भागात कोमादा आलेच नाहीत. शेवाळे सर दिवसभर उदास होते. एवढ्या मोठ्या शाळेत मुख्याध्यापकाला एक वाक्य नसावं? शिवाय आणखी एक गोष्ट त्यांना खुपू लागली. चित्र काढणाऱ्याने सगळ्यांना टपोरे डोळे दिले होते, शाळेच्या मांजरालासुद्धा. कोमादांच्या चष्म्याच्या काचा मात्र कायम पांढऱ्याफेक. मागे डोळे आहेत की नाहीत, याची कोणी चौकशीच केलेली नव्हती.

शेवटच्या भागात फायनल. स्टेडियमच्या शेवटच्या रांगेत टोपी आणि मास्क घातलेला एक माणूस. तो चष्मा काढून पुसतो, आणि डोळे दिसतात. साधेच, थोडे थकलेले. तो उठून “मारो!” असं ओरडतो. पोरींना शेवटपर्यंत कळत नाही तो कोण ते.

शेवाळे सरांनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. मग डबा न उघडताच झोपले.

डिसेंबरात जव्हारला आश्रमशाळांच्या स्पर्धा होत्या. सराव बंद करायचं सर सोयीस्कर विसरले होते. संघ निवडला गेला होता. “मी दोन दिवस नाशिकला जातोय,” असं सांगून सरांनी मॅडमच्या आणि क्रीडाशिक्षक मंगेशच्या ताब्यात संघ दिला, खोडाळ्याहून एसटी पकडली आणि जव्हारच्या डेपोबाहेर माकडटोपी चढवली. चष्मा खिशात. आता त्यांना त्यांच्या बायकोनेही ओळखलं नसतं. त्यांनाही ती दिसली नसती.

मैदानाच्या कडेला शेंगदाणेवाल्याच्या मागे ते उभे राहिले. सगळी धूसर धावपळ चाललेली. पण कर्णधार हौशी त्यांना चष्म्याशिवायही कळली. वळताना ती डावा खांदा आधी टाकते, हे ऑफिसच्या खिडकीतून रोज बघितलेलं. सेमीफायनलला ती पाटीवरून उठली, पुढची पोर खांबाकडे सुटली आणि सरांच्या तोंडून एक आवाज निघाला जो त्यांनी सेवाकाळात कधी वापरला नव्हता.

“पळ हौशे! धर तिला! सोडू नको!”

शेंगदाणेवाला दचकला. “काका, तुमची पोरगी हाय का?”

सरांनी शेंगदाणे घेतले, हौशीने गडी मारला, आणि बऱ्याच वर्षांत इतके चांगले शेंगदाणे त्यांनी खाल्ले नव्हते.

फायनलच्या आधी चहाची तल्लफ आली. माकडटोपीतून चहा पिता येत नाही, ही गोष्ट कोमादांच्या बाबतीत कोणी विचारात घेतलेली नव्हती. सरांनी टोपी काढून खिशात कोंबली, चष्मा लावला, आणि कप तोंडाला लावतात तोच पाठीवर थाप पडली.

“शेवाळे सर! अहो, तुम्ही इथे मागे कसे?” दुसऱ्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक महाले. स्पर्धेचा माईक त्यांच्या हातात होता आणि तो सोडण्याचा त्यांचा विचार नव्हता. “चला स्टेजवर. पाहुणे येत नाहीयेत, खुर्ची रिकामी आहे.”

“नको हो, मी आपला मॅच बघायला—”

“स्टेजवरून बघा की! आपल्यामध्ये उपस्थित आहेत,” हे माईकमध्ये, “आदरणीय शेवाळे सर!”

आता पळून जाणं पदाला शोभलं नसतं.

पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून मांडववाल्याने स्टेज फिरवून लावलं होतं. त्यामुळे स्टेजवरच्या मान्यवरांना समोर रिकाम्या खुर्च्या दिसत आणि मैदान बरोबर पाठीमागे पडे. मध्ये कापडी बॅनर. वेळ कमी असल्यामुळे सत्कार आणि फायनल एकाच वेळी उरकायचं ठरलं होतं.

शेवाळे सरांच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा मागे शिट्टी झाली. हातात नारळ आला तेव्हा “खो!” असा हौशीचा आवाज आला. त्यांनी मान वळवली. बॅनरवरचे नमस्कार करणारे चेहरे त्यांच्याकडे हसून बघत होते. मागे धप्प झालं, कोणीतरी पडलं, सगळे “अरे अरे” म्हणाले. सर खुर्चीतून अर्धे उठले.

“बसा सर, बसा. हं, आता दोन शब्द.”

दोन शब्द बोलायला ते उभे राहिले. सांगायचं एकच होतं, की मी इथे माझ्या मुलींना बघायला आलो आहे. पण माईक समोर आला की तोंड आपोआप चालतं, ही सवय जुनी. “खेळामुळे शिस्त येते,” त्यांनी ऐकलं, आणि आवाज त्यांचाच होता. स्पीकर इतका मोठा होता की मागचं “खो” त्यांना ऐकू येईनासं झालं. ते शिस्तीवरून आरोग्याकडे वळले तेवढ्यात मैदानावर आरडाओरडा झाला. जिंकल्याचा. तो आवाज त्यांच्या मुलींचा नव्हता.

बॅनरला वळसा घालून ते मैदानावर पोचले. हौशी गुडघ्यावरची माती झटकत होती. मंगेश दुसरीकडे बघत होता. मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही नाशिकला होतात ना?”

“म्हटलं, येऊन जावं.”

मॅडमनी शालीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. “हो, बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“मी मॅच बघायला आलो होतो,” सर मुलींना म्हणाले.

“हो सर,” सगळ्या एका सुरात म्हणाल्या. परिपाठाला म्हणतात तशा.

परतीच्या एसटीत सर पुढे एकटे बसले. नारळ मांडीवर. मागच्या सीटवर हौशी आणि कमू कुजबुजत होत्या. सर मोठे असले तरी बहिरे नाहीत, हे त्या पार विसरल्या होत्या.

“कोमादाचा सत्कार झाला बग. पोरी हरल्या तरी.”

“कार्टूनमंदला बरा. त्यो गप बसून बगतो. याला माईक लागं.”

दोघी दबून हसल्या. मग कमू म्हणाली, “सकाळचा त्यो माकडटोपीवाला कोन व्हता गं? तुजा नाव घेऊन वरडं.”

“मला काय ठावं? मी वळखत नाय.”

“फायनलला कुठं गेला त्यो?”

“तेच ना,” हौशी म्हणाली. “मी बगितला, शेंगावाल्याच्या मागं. नव्हता. सकाळी त्यानं वरडलं तवा माजे पाय आपोआप पळत. त्यो असता ना...”

“कोनाचा तरी बाप असंल.”

“असंल.”

सरांचा हात खिशात गेला होता. टोपीची लोकर बोटांना लागली. फक्त ती काढायची आणि मागे वळायचं. ते वळलेही, अर्धे. दोन्ही मुली चटकन ताठ बसल्या.

“सर, काय पायजे?” हौशीने विचारलं.

सरांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

“नारळ,” ते म्हणाले आणि मागे दिला. “फोडून खा सगळ्यांनी.”

“हो सर.”

फोन वाजला. “जेवलात का?” बायकोने विचारलं.

“शेंगदाणे खाल्ले,” सर म्हणाले. हे उत्तर तिच्या ओळखीचं नव्हतं. “कुठे?” असं ती विचारत होती, तेवढ्यात घाट लागला आणि रेंज गेली. या वेळी त्यांना हायसं वाटलं नाही.

खिडकीची काच बसत नव्हती, कानात गार वारा शिरत होता. टोपी खिशात होती. त्यांनी ती खोडाळ्यापर्यंत बाहेर काढली नाही.