अकरावे मोजपात्र

आधी मोजून सांगतो, मित्रांनो. तांब्याचे नळकांडे एक. त्याच्या तोंडावर धारदार काठाचे नरसाळे एक. आत पाणी साठवणारे भांडे एक. विटांचा चौथरा एक. तारेचे कुंपण एक, त्याला फाटक एक, फाटकाची कडी तुटकी. शेजारच्या खोलीत खिडकीच्या फळीवर काचेचे मोजपात्र एक, त्यावर शून्यापासून वीस मिलिमीटरपर्यंत रेघा. फळीखाली नोंदवह्या सहासष्ट, वर्षाला एक. हे सगळे मिळून मी होतो. मी जुना पर्जन्यमापक आहे.

आभाळातून पडलेला पाऊस मी गोळा करतो. तो मोजून लिहिण्याचे काम माणसाचे. माझ्या पोटात दोनशे मिलिमीटर पाऊस मावतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी या आकड्याची आहे.

एका तांबटाने मला घडवले. माझा काठ तासायला त्याने दोन दिवस घेतले. "काठ बोथट राहिला तर थेंब त्याच्यावर फुटतो," तो म्हणाला, "अर्धा आत, अर्धा बाहेर. मग मोजण्यात काय अर्थ?" त्याने माझ्या काठाची काळजी घेतली. पोट किती मोठे असावे हे त्याने ठरवले नव्हते, ते कागदावर आधीच लिहून आले होते.

मला टेकडीच्या उतारावरच्या एका छोट्या कार्यालयाच्या अंगणात बसवले. उतारावरून एक ओढा खाली जातो. खाली रस्त्याचा मातीचा भराव आहे, भरावातून ओढ्याला वाट देणारी मोरी आहे आणि मोरीच्या पलीकडे कामगारांच्या घरांच्या रांगा आहेत. माझे पहिले निरीक्षक आपल्या दोन मुलांसह कार्यालयामागच्या खोल्यांत राहत. मुले त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणतो. रोज सकाळी आठ वाजता ते फाटक उघडत, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरत आणि श्वास रोखून आकडा वाचत. भिंतीवर नियम टांगला होता: जोराचा पाऊस असेल तर दर तीन तासांनी भांडे रिकामे करावे, मोजावे आणि बेरीज करावी.

माझ्या दहाव्या वर्षी तसा पाऊस आला. त्या दिवशी आबा तापाने फणफणले होते. दुपार गेली, संध्याकाळ गेली, कुणीच फाटक उघडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दहा वर्षांच्या मुलीला पाठवले. डोक्यावर गोणपाट घेऊन ती आली, आत डोकावली आणि पळत गेली.

"आबा, भरलंय!"

"किती?" पांघरुणातून आवाज आला.

"काठापर्यंत!"

आबांनी वहीत लिहिले: २००.०.

माझ्या काठावरून पाणी बराच वेळ विटांवर सांडत होते. किती वेळ आणि किती पाणी, ते मला ठाऊक नाही. जे माझ्यात राहत नाही ते मला मोजता येत नाही.

आबांच्या मागे त्यांच्या मुलाने काम हाती घेतले. ते इतके काटेकोर की खालच्या वस्तीने त्यांचे नावच मिलीमीटर ठेवले. "काय मिलीमीटर, आज किती?" असे कुणी विचारले की ते दशांशासह उत्तर देत आणि उत्तर दिल्यावर खूश होत. पहिल्या पावसानंतर सत्तावीस वर्षांनी तसाच पाऊस पुन्हा आला. तीन तासांच्या पहिल्या फेरीला ते निघाले, पण खाली भरावापाशी गाडी घसरली म्हणून लोक त्यांना मदतीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तो मी काठोकाठ. त्यांनी जुनी वही काढली. आबांच्या अक्षरात तोच आकडा! त्यांचे डोळे चमकले. त्यांनी दोनशे लिहिले. आणखी सत्तावीस वर्षांनी तिसऱ्यांदा पाऊस आला आणि मी पुन्हा काठोकाठ भरलेला सापडलो. या वेळी त्यांनी पावसाची वाट पाहिली होती, मोजले मात्र नव्हते. त्यांना आता मोजायची गरजच वाटत नव्हती.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. शाळेची मुले रांगेत येऊन मला बघत. मिलीमीटर छडीने वहीतले तीन आकडे दाखवत. "मुलांनो, हवामान बिघडलं म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. हा आभाळाचा फेरा आहे. सत्तावीस वर्षांनी येतो, दोनशे मिलिमीटर पडतो, जातो. ना एक कमी, ना एक जास्त." मुले टाळ्या वाजवत. रस्त्याचे अभियंते आले, त्यांनी विचारले, "इथला सर्वांत मोठा पाऊस किती?" मिलीमीटर म्हणाले, "दोनशे. तीनदा सिद्ध झालंय." अभियंत्यांनी तेवढ्या पाण्याची नवी मोरी बांधली.

मोरीला लागून पहिलेच घर मिलीमीटरांच्या थोरल्या बहिणीचे. गोणपाट घेऊन मला बघायला आलेली मुलगी ती हीच. आता ती शिवणकाम करायची आणि आठवड्यातून एकदा चढण चढून भावाला बघायला यायची.

गेल्या वर्षी मिलीमीटरांची मुलगी सुट्टीत घरी आली. ती शहरात विज्ञान शिकते. वडील तिला माऊ म्हणतात. तिने सहासष्ट वह्या जमिनीवर पसरल्या आणि चार दिवस त्यांच्यातच बसून राहिली. पाचव्या दिवशी ती वडिलांना घेऊन माझ्यापाशी आली.

"बाबा, तीनदा दोनशे पॉइंट शून्य कसं?"

"निसर्गाची शिस्त."

"इतकी शिस्त आहे तर इतर दिवशी सतरा पॉइंट चार आणि नऊ पॉइंट सहा कशाला येतात?"

"तू बापाची परीक्षा घ्यायला आलीस का?"

"तुमची नाही. ह्याची."

तिने बादली आणि मोजपात्र आणले. भावाची उसवलेली छत्री शिवून घेऊन आत्या नेमकी तेव्हाच आली होती. ती फाटकाला टेकून बघत राहिली. माऊने मोजपात्र वीसच्या रेघेपर्यंत भरले आणि माझ्यात ओतले. एक. दोन. तीन. ती मोठ्याने मोजत होती. दहावे मावले. अकरावे माझ्या काठावरून उतरून विटांवर गेले.

मग आत्या म्हणाली, "त्या दिवशीही असंच सांडत होतं."

"कधी?" मिलीमीटरांनी विचारले.

"आबांना ताप होता तेव्हा. मी सांगितलं, भरलंय. त्यांनी दोनशे लिहिलं. मला वाटलं, भरलंय म्हणजेच दोनशे. मी काय, दहा वर्षांची."

"मग हे साठ वर्षांत एकदाही बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलंस? तू तर मलाच फेरा समजावून सांगायचास."

मिलीमीटर चौथऱ्यावर बसले. पण ते लगेच हार मानणाऱ्यांतले नव्हते. "म्हणजे जुना पाऊसही दोनशेच्या वर होता. मग माझंच खरं. असे पाऊस पूर्वीही पडत होते."

"पडले असतील," माऊ म्हणाली. "पण त्या तीन दिवसांचं आता कुणालाच कळणार नाही. तुम्हाला नाही, मलाही नाही. म्हणून मी ते तीन दिवस सोडूनच दिले. हे भांडं जेव्हा भरलं नव्हतं तेच दिवस धरले. पंच्याहत्तरच्या वरचे. पहिल्या वीस वर्षांत अकरा दिवस. शेवटच्या वीस वर्षांत एकोणतीस."

"तोही मोठा फेरा असेल. शंभर वर्षांचा."

"ह्या एका भांड्यावरून मला नाही म्हणता येणार नाही. सहासष्ट वर्षांत शंभराचा फेरा दिसत नसतो. पण बाबा, अशी हजारो भांडी आहेत, सगळ्या जगात. सूर्य मोजलाय, ज्वालामुखी मोजलेत, समुद्र कधी तापतो नि कधी निवतो ते मोजलंय. नुसत्या त्यांनी हवा एवढी तापत नाही. कोळसा नि तेल जाळून आपण जो वायू सोडला तो धरला, की गणित जुळतं. आणि हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरते. ती कुठंतरी उतरणारच."

"म्हणजे फेरे खोटे?"

"फेरे खरे आहेत. पण..." तिला शब्द सापडेना.

"माझ्या मशिनचं चाक बघ," आत्या म्हणाली. "गोल गोल फिरतं. पण कापड पुढंच सरकतं ना? चाक जागेवर फिरतंय म्हणून कापडही जागेवर आहे असं धरून बसलास, तर बोट सुईखाली जाईल."

माऊने त्याच दिवशी अभियंत्यांसाठी पत्र लिहिले. तिन्ही नोंदी अपुऱ्या आहेत, भांडे भरून वाहिले होते, खरा पाऊस किती ते माहीत नाही, मोरीचे गणित पुन्हा करावे आणि तोवर खालची पहिली रांग हलवावी. सही मात्र निरीक्षकाचीच हवी होती. मिलीमीटरांनी पत्र दोनदा वाचले.

"पावसाळा संपू दे. मग पाठवतो."

"बाबा, पावसाळ्यासाठीच तर लिहिलंय."

"आबांच्या अक्षरावर मी काट मारायची? लोक काय म्हणतील? शाळेतली पोरं काय म्हणतील?"

"मारू नका काट. बाजूला लिहा."

"बघू." त्यांनी पत्र घडी करून चालू वर्षाच्या वहीत ठेवले. माऊची सुट्टी संपली, ती गेली. पुढचे एकोणीस दिवस रोज सकाळी वही उघडली की पत्र दिसे. मिलीमीटर पत्र बाजूला सरकवत, आकडा लिहीत आणि पत्र पुन्हा आत ठेवत.

विसाव्या दिवशी सकाळी आठला माझे भांडे रिकामे झाले आणि पाऊस सुरू झाला.

या वेळी मिलीमीटर घरात बसले नाहीत. नियम तीन तासांचा होता, ते तासा-तासाला आले. नऊ वाजता ३८.४. दहा वाजता ५२.०. अकरा वाजता ६०.८. बेरीज १५१.२. त्यांनी वळून ओढ्याकडे पाहिले आणि खिशातून फोन काढला. अंगणात, माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी बहिणीला फोन लावला. पावसाच्या आवाजात ऐकू यावे म्हणून त्यांनी आवाज मोठा केला होता, त्यामुळे तिचे बोलणेही मला ऐकू आले.

"ताई, वर ये. आत्ता. सगळ्यांना घेऊन ये."

"मी सकाळपासून दारोदार तेच सांगतेय. हसतात मला. म्हणतात, मिलीमीटरचा फेरा यायला अजून पंचवीस वर्षं आहेत." मग ती थांबली. "पत्र पाठवलंस का रे?"

"नाही."

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता.

"मग ते माझं कशाला ऐकतील? तू सांग त्यांना. मी फोन धरते समोर."

मिलीमीटरांच्या हातात ओले मोजपात्र होते. त्यांनी घसा साफ केला. सारे आयुष्य ते आकडे सांगत आले होते, आज त्यांना शब्द जुळवावे लागले.

"मी मिलीमीटर बोलतोय. फेरा नाहीये. मी चुकलो. ते दोनशे माझ्या भांड्याचे होते, आभाळाचे नव्हते. मोरी पुरणार नाही. हातात असेल ते टाका आणि वर या. मी... मी चुकलो. या."

गलबला ऐकू आला. कुणीतरी "आता सांगतोस?" म्हणून ओरडले. दारे वाजली. मग बहिणीचा आवाज पुन्हा जवळ आला.

"निघतायत. मी शेजारच्या म्हातारबाबांना घेऊन येते, त्यांना चालवत नाही. तू तिथंच थांब. आज रिकामं करायला विसरू नकोस हो."

बारा वाजता ५८.६. बेरीज २०९.८. बारा वाजून वीस मिनिटांनी खालून मोठा आवाज झाला, गडगडण्यासारखा, पण तो आभाळातून आला नव्हता. भराव फुटला होता. मिलीमीटरांनी फोन लावला. पुन्हा लावला. मोजपात्र त्यांच्या हातातून विटांवर पडले आणि फुटले. ते फाटकातून पळत गेले. तुटक्या कडीचे फाटक तसेच उघडे राहिले.

एक वाजता ते परत आले. गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी कपाटातून जुने, तडा गेलेले मोजपात्र काढले आणि मला रिकामे केले. ४७.२. दोन वाजताही ते आले. तीन वाजताही. पाऊस दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत पडत राहिला आणि त्यांनी एकही फेरी चुकवली नाही. या वेळी माझ्या काठावरून एक थेंबही खाली गेला नाही.

पहिल्या रांगेत बावन्न माणसे राहत होती. एकोणपन्नास वर पोचली. मोरीच्या खाली तीन सापडली. शिवणाचे मशिन ओढ्याच्या वळणावर सापडले, त्याचे चाक अजून फिरत होते असे बघणारे म्हणाले.

माऊ आली. मिलीमीटरांनी वहीतून पत्र काढले, सही केली आणि ते स्वतः चालत जाऊन देऊन आले. आता माझ्याशेजारी एक नवे यंत्र बसवले आहे, आपले आपण रिकामे होणारे. माझ्या नरसाळ्यात पाने अडकतात, एक कोळी राहतो. मिलीमीटर मात्र अजून सकाळी आठला येतात, पाने काढतात आणि माझ्या काठावरून बोट फिरवतात. शाळेच्या मुलांना ते बोलावत नाहीत. म्हणून तुम्हाला मीच सांगतो आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे मोजायचे कोणतेही साधन असो, त्याचा काठ जपा आणि त्याला वेळेवर रिकामे करा. ते काठोकाठ भरलेले दिसले, तर फक्त "भरले" असे लिहा. आकडा लिहू नका. आणि लिहिण्यात चूक झाली असेल, तर ती ज्या दिवशी कळली त्याच दिवशी सांगा.

दुरुस्त केलेल्या वह्या आता फळीखाली आहेत. पहिली नोंद: २०० पेक्षा जास्त, मोजता आले नाही. दुसरी: २०० पेक्षा जास्त, मोजता आले नाही. तिसरी: २०० पेक्षा जास्त, मोजता आले नाही. चौथी, सकाळी आठ ते सकाळी आठ: ४१७.६ मिलिमीटर.